आजोबांची पीटीची पेटी कुठे द्यावी? (बनियन, शिट्टी, लाकडी जोडी)

रंकाळ्याचा_वारा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात गंगावेशीतलं आमचं जुनं घर पाडायला काढलंय. गेल्या रविवारी माळा रिकामा करताना एक काळी पत्र्याची ट्रंक सापडली. झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचा नंबर आणि खाली '१९ मराठा' असं लिहिलेलं. आजोबा फौजेत पीटी शिकवायचे एवढंच घरात सगळ्यांना माहीत. ते जाऊन बावीस वर्षं झाली.

आत काय निघालं ते सांगतो. एक पांढरं बनियन, छातीवर शिवलेल्या दोन तलवारींची फुली. दोरीची शिट्टी. बॉक्सिंगचं एक पदक, मागचा मजकूर घासून गेलाय. तीन फोटो, त्यांपैकी एकात पंधरावीस जवान हात पसरून उभे आहेत आणि पुढे आजोबा पाठमोरे. (पाठमोरे असले तरी कान ओळखू येतात. आमच्या घराण्याचे कान आहेत ते.) आणि तळाला लाकडी मुद्गलांची एक जोडी.

ही जोडी तालमीतल्यासारखी नाही. तालमीतला करेला (जड मुद्गल) उचलायचा तर खांदा बोलतो. ही जेमतेम दीड हात लांब आणि एका हाताला किलोभराची असेल. मुठीला छोटी गोल बोंडी, मधे निळा पट्टा. एकीचा तळ वाईट चेपलाय, दुसरी मात्र गुळगुळीत.

भाऊ म्हणतो ओएलएक्सवर टाक, 'अँटिक' म्हणून जाईल. मला ते पटत नाही. अशा वस्तू कुठलं संग्रहालय घेतं का? बेळगावला मराठा रेजिमेंटच्या सेंटरला द्यावी, इथल्या टाऊन हॉलच्या म्युझियमला द्यावी, की तालमीतच ठेवावी? आणि तो तळ कशानं चेपला असेल?

पन्हाळा_पायवाट

फोटो टाका की भावा. पेटी सांगताय आणि दाखवत नाही, हे म्हणजे तांबड्या रश्शाचा नुसता वास.

माजी_हवालदार_गडहिंग्लज

राम राम. मी ७९ साली भरती झालो, मराठा लाइट इन्फंट्री, ट्रेनिंग बेळगावला. तुमच्या आजोबांची पलटण १९ मराठा, म्हणजे मूळची आपल्या कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स. संस्थानं विलीन झाली तशी ती मराठ्यात आली. तेव्हा ही पेटी सगळ्या बाजूंनी कोल्हापूरचीच आहे.

तलवारींची फुली म्हणजे पीटी उस्ताद. तालमीत तुम्ही वस्ताद म्हणता, फौजेत आम्ही उस्ताद म्हणतो, शब्द एकच. फरक इतकाच की वस्ताद पाठीत बुक्की घालतो आणि उस्ताद रगडा लावतो.

ती जोडी ड्रिलची आहे. आमच्या टायमाला युनिटच्या पीटीतनं ती गेली होती, पण एक जुने उस्ताद संध्याकाळी बराकीमागं फिरवायचे, ते मी डोळ्यानं बघितलंय. बोंडी करंगळीच्या बाजूला तळव्यात धरायची, मूठ आवळायची नाही. फिरवायचं खांद्यातनं, वळवायचं मनगटातनं. एक जोडी छातीपुढनं जाते तवा दुसरी पाठीमागनं येते. कोपर वाकलं की कानशिलात बसली म्हणून समजा. ते सांगायचे, पूर्वी पन्नास जवान ओळीत आणि सगळ्यांच्या जोड्या एकाच वेळी वर! दोन जोड्या एकमेकींना लागून 'टक्' झालं की उस्तादांचा आवाज यायचा, 'जैसे थे!' की परत पहिल्यापासनं.

तळ चेपल्याचं मात्र कोडं आहे. या ड्रिलमधे तळ कुठंच आपटत नाही.

लाल_माती

तळ चेपलाय म्हणजे संगिनीच्या सरावाला वापरली असणार. समोरच्याची रायफल बाजूला मारायला.

माजी_हवालदार_गडहिंग्लज

@लाल_माती, संगिनीच्या सरावाला गोणपाटात पेंढा भरलेला पुतळा असतो. दीड हाताचं लाकूड घेऊन संगिनीपुढं कोण जाईल? तुम्ही जावा, आम्ही बघतो.

खडकीहून_थेट

एक भर घालतो. गेल्या वर्षी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा आल्डरशॉटला लष्करी व्यायाम आणि खेळांचं संग्रहालय पाहिलं. जावई म्हणाले लंडन बघू, मी म्हणालो ते पुढच्या खेपेला.

इंग्रजांच्या फौजी पीटीची गोष्ट सुरू होते क्रिमियाच्या युद्धात, १८५३ ते १८५६. तिथं लढाईत मेले त्याहून जास्त इंग्रज सैनिक रोगराईनं मेले. शिपायाला कवायत येते पण अंगात दम नाही, हे वरिष्ठांच्या लक्षात आलं. मग १८६० मध्ये मेजर हॅमर्सली आणि त्याच्याबरोबर फक्त बारा जण ऑक्सफर्डला पाठवले गेले, आर्चिबाल्ड मॅक्लॅरेन नावाच्या व्यायामशिक्षकाच्या हाताखाली. त्यानं या बाराजणांची छाती, दंड, वजन आधी मोजून ठेवलं आणि शिक्षण संपल्यावर परत मोजलं. त्यांना पुढे गमतीनं 'बारा प्रेषित' म्हणायला लागले. या तेरा माणसांपासून आर्मी जिम्नॅस्टिक स्टाफ उभा राहिला. १९१८ ला नाव बदललं, १९४० ला त्याचा स्वतंत्र कोअर झाला आणि २०१० मध्ये नावापुढे 'रॉयल' लागलं. तलवारींची फुली त्यांचीच. जिम्नॅस्टिक्सबरोबर तलवारबाजीही तेच शिकवायचे, म्हणून.

भिंतीवरच्या जुन्या फोटोत ओळीनं उभे गोरे शिपाई आणि प्रत्येकाच्या हातात लाकडी जोडी! मी तिथल्या माणसाला म्हणालो, हे आमच्याकडचं आहे. तो हसून म्हणाला, नावच 'इंडियन क्लब' आहे साहेब.

गदाधारी_शुक्रवारपेठ

झालं! इथंही चोरी. मुद्गल आपला, नाव त्यांचं, आणि म्युझियमही त्यांचं.

खडकीहून_थेट

नाव तर त्यांनी आपलंच ठेवलंय की हो, 'इंडियन'. चोर माल लपवतो, हे पाटी लावून बसलेत.

गंमत वेगळीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीच्या अधिकाऱ्यांनी इथल्या पैलवानांना आणि शिपायांना जोडी फिरवताना बघितलं. त्यांनी ती हलकी केली, कारण त्यांना पैलवान घडवायचा नव्हता, पलटणीतल्या शेकडो जणांचे खांदे एकदम मोकळे करायचे होते. मग ती शाळांत गेली, बायकांच्या व्यायामात गेली, अमेरिकेत गेली. ऑलिंपिकमध्येसुद्धा जोडी फिरवण्याची स्पर्धा झाली, दोनदा: १९०४ ला सेंट लुईसला आणि १९३२ ला लॉस एंजलिसला. दोन्ही वेळा सुवर्ण अमेरिकेला. आणि तीच बारीक झालेली जोडी इंग्रजी कवायतीच्या पुस्तकातून परत आपल्या फौजेत आली. रंकाळ्याचा_वारा यांच्या पेटीतली जोडी म्हणजे सासरी जाऊन वाळून आलेली आपलीच लेक आहे.

गदाधारी_शुक्रवारपेठ

लेक म्हटल्यावर बोलायची सोय उरली नाही. पण मुद्दा सोडत नाही. जड जोडी ती जड जोडी. किलोभराच्या लाकडानं काय होतंय?

लाल_माती

खांदा सुटतो. मी दहा वर्षं मातीत होतो आणि आता फिजिओथेरपिस्टकडे जातो. त्यानं मला परवा काय दिलं? अर्ध्या किलोच्या दोन बाटल्या. म्हणाला, गोल फिरवा.

भरती_२६

सगळ्यांचा मान ठेवून विचारतो. म्युझियमचं ठीक आहे, पण फौजेच्या भरतीची तयारी करणाऱ्या आम्हाला काय? मी राधानगरी तालुक्यातला, कोल्हापुरात खोली करून राहतो. पहाटे पाचला विद्यापीठाच्या रस्त्यावर या, आमच्यासारखी किती पोरं पळतात ते दिसंल. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत आलं तर ६० मार्क, त्यापुढं पंधरा सेकंद लागली की ४८. बीम (आडव्या दांड्याला लटकून पुलअप्स) दहा मारले तर ४०, सहावर अडकलं तर १६. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅगला मार्क नाहीत, नुसतं पास व्हायचं. आता लेखी आधी असते, त्यामुळे निम्मी पोरं मैदानापर्यंत पोचतच नाहीत.

मी एका अकॅडमीत पैसे भरले होते. नाव घेत नाही. पहिल्या दिवसापासून डांबरी रस्त्यावर रोज दहा किलोमीटर पळवलं. दोन महिन्यांत नडगीला सूज आली, डॉक्टर म्हणाले हाडाला बारीक चीर आहे. अकॅडमीवाले म्हणाले, मनानं कच्चा आहेस. सहा आठवडे बसून काढले. जुन्या उस्तादांकडे याचं उत्तर होतं का, ते सांगा. मग मी म्युझियमला स्वतः तिकीट काढून जाईन.

माजी_हवालदार_गडहिंग्लज

@भरती_२६, बाळा, उत्तर होतं. रंगरूट आला की पहिले आठवडे त्याला नुसता हलवायचे. हात, कंबर, गुडघे, मग बीमला नुसतं लटकणं. पळणं हळूहळू वाढवायचं. पिठ्ठू पाठीवर शेवटी येतो, पहिल्या दिवशी नाही. बीपीईटी म्हणजे आम्हाला फौजेत द्यावी लागायची ती दमाची परीक्षा: रायफल आणि सामान घेऊन पाच किलोमीटर, साठ मीटरची दौड, उभा दोर, आडवा दोर, नऊ फुटी खड्डा. त्यात पोरगं मोडायचं नाही म्हणून तर उस्ताद ठेवला. मोडलेला जवान पलटणीला ओझं.

डांबर सोड. मातीच्या ट्रॅकवर किंवा गवतावर पळ. एक दिवस पळ, एक दिवस बीम. नडगी परत दुखली तर त्याच दिवशी थांब. आणि मनानं कच्चा म्हणणाऱ्याला माझा नंबर दे. (व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.)

भरती_२६

मिळाला. धन्यवाद मामा.

गदाधारी_शुक्रवारपेठ

म्युझियमचा विषय निघालाच आहे तर तिथं फौजेतल्या खेळाडूंचं दालन पाहिजे आणि त्यात आपल्या भागातली नावं पहिली पाहिजेत. खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

खडकीहून_थेट

पदक खरं, पण खाशाबा फौजेत नव्हते, पोलीस खात्यात होते. गोळेश्वरचे, शिकले राजाराम कॉलेजात. हेलसिंकीला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं, सात हजारांना. त्यांच्यासाठी वेगळी खोली बांधा, फौजेच्या दालनात नको.

फौजेचं नाव पाहिजे तर मुरलीकांत पेटकर घ्या. आपल्या शेजारचे, इस्लामपूरचे. लष्कराच्या ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या दलात होते, बॉक्सिंग करायचे. ६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण घेऊन आले, ३७.३३ सेकंदात, विश्वविक्रमासह. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. त्या शेचाळीस वर्षांत काय काय माळ्यावर गेलं असेल कोण जाणे.

पन्हाळा_पायवाट

अविनाश साबळे राहिला. बीडचा, महार रेजिमेंट. सियाचेनला ड्युटी केलेला पोरगा २०२२ च्या राष्ट्रकुलला केनियावाल्यांच्या मधे घुसून स्टीपलचेसचं रौप्य घेतो. ८ मिनिटं ११.२० सेकंद. ती शर्यत मी बिंदू चौकात मोबाइलवर बघितली होती, शेवटच्या वळणाला चहा सांडला.

मीनाताई_शाहूपुरी

उशिरा आले, सगळं वाचलं. पेटीचं कुणी बोलतच नाही! मी संग्रहालयात नोकरी केलेली आहे, त्यामुळे कामाचं सांगते. 'रंकाळ्याचा_वारा', कृपया एवढं ऐका.

पदकाला ब्रासो लावू नका. मागचा मजकूर आधीच घासलाय, तो अशाच कुणीतरी चमकवून घासलाय. खिडकीपाशी बॅटरी तिरपी धरून फोटो काढा, पुसट अक्षरं सावलीत उठतात. बनियन धुऊ नका, इस्त्री तर अजिबात नको. मऊ सुती कापडात सैल गुंडाळा, घडीवर घडी घालू नका. डांबरगोळ्या कपड्याला चिकटून ठेवू नका. फोटो लॅमिनेट करणाऱ्याला दारात उभं करू नका. लाकडाला जवस तेल पाजायची घाई नको. आधी बारीक भोकं आणि पिठूळ भुसा दिसतोय का ते बघा, दिसला तर ती जोडी घरातल्या दुसऱ्या लाकडापासून लांब ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक साधी वही घ्या. कुठली वस्तू कुठे सापडली, कुणी वापरली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. वस्तू कुणीही देतं हो. आमच्याकडे कितीतरी लोक तलवार आणून ठेवायचे आणि 'कुणाची?' विचारलं की 'जुनी आहे' म्हणायचे. नाव नसलेली शिट्टी म्हणजे नुसती शिट्टी.

जाता जाता, हा सगळा धागा पुरुषांचाच दिसतोय. २०२१ मध्ये बेंगळुरूहून लष्करी पोलिसांत ८३ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. पळणं, लांब उडी, उंच उडी त्यांनाही होतं. त्यांची बनियनं पन्नास वर्षांनी कुणाच्या माळ्यावर सापडतील तेव्हा निदान चिठ्ठी तरी असू दे.

लाल_माती

मीनाताई, एक नंबर. माझा सल्ला: जोडी तालमीत ठेवा. आमच्या तालमीत हौद्याच्या मागं दगडी गदा, संतोला सगळं पडलंय, पोरं त्यावर टॉवेल वाळवतात. पण रोज कुणीतरी हात लावतंच. काचेत ठेवलं की संपलं.

मीनाताई_शाहूपुरी

हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असतं ना? त्या ओलीत किलोभराची हलकी जोडी दोन पावसाळे काढणार नाही. तुमची दगडी गदा काढेल.

माजी_हवालदार_गडहिंग्लज

माझं मत बेळगाव. सेंटरला रेजिमेंटचं संग्रहालय आहे, तिथं १९ मराठ्याची वस्तू म्हटल्यावर कोण नको म्हणंल? शिवाय तिथं बॉइज स्पोर्ट्स कंपनीत बारक्या पोरांना कुस्तीला घेतात. ती पोरं बघतील तरी. टाऊन हॉल चांगलाच आहे, पण तिथं ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तूंशेजारी पीटीचं बनियन जरा ऑकवर्ड वाटंल.

रंकाळ्याचा_वारा

मंडळी, चार दिवस गायब होतो, घराचा व्याप. आता सांगण्यासारखं झालंय.

काल माजी हवालदार साहेब स्वतः गडहिंग्लजहून एसटीनं आले. फोनवर म्हणाले, जोडी बघितल्याशिवाय झोप लागंना. चहा झाला, गच्चीवर गेलो. त्यांनी चपला काढल्या, जोडीला हात लावून कपाळाला लावला आणि उभे राहिले. वय सासष्ट. पहिल्या दोन फेऱ्यांत जोड्या एकमेकींना लागल्या, टक्. ते स्वतःलाच म्हणाले, "जैसे थे." मग लागलं बघा. एक पुढून, एक मागून, नुसता सुं सुं आवाज. शेजारच्या गच्चीवरची पोरं पतंग सोडून कठड्याला येऊन टेकली.

तो आवाज ऐकून आजी जिना चढून आली. आजीचं वय सत्त्याऐंशी, गुडघे दुखतात म्हणून दिवाळीपासून वर आली नव्हती. मीनाताई, तुमचं ऐकून मी आधी वही घेऊन खाली तिच्यापाशी बसलो होतो, पण पेटीबद्दल विचारलं की ती 'मला काय ठावं' म्हणायची. वर येऊन तिनं थोडा वेळ बघितलं. मग म्हणाली, "ह्यांची अशीच चालायची. पण डावा हात ह्याच्यापेक्षा वर जायचा." हवालदार साहेबांनी लगेच डावा हात वर घेतला.

मी म्हणालो, आजी, एकीचा तळ चेपलाय बघ, फौजेत कशानं चेपला असेल? इथं एकजण संगिनीचा सराव म्हणतायत.

आजी हसायलाच लागली. म्हणाली, "कसली संगीन? मी वाकळा बडवल्यात त्यानं. पंचगंगेवर. माझं धोपटणं पुरात वाहून गेलं, हे सुट्टीवर आले हुते, ह्यांच्या पेटीतनं एक काढून नेलं. चार वर्षं बडवल्यात. ह्यांना कळलं तवा तोंडातनं शब्द नाही काढला, दुसरं तेवढं ट्रंकेत घालून कुलूप लावलं."

हवालदार साहेबांच्या हातातली जोडी तिथंच थांबली.

लाल_माती

संगिनीचा दावा मागे घेतो.

गदाधारी_शुक्रवारपेठ

किलोभराच्या लाकडानं काय होतंय, हा प्रश्नही मागे घेतो. ओली वाकळ बडवून बघितलीय मी.

मीनाताई_शाहूपुरी

हे जसंच्या तसं, आजींच्या शब्दांत लिहून ठेवा. तारीख टाका. शक्य असेल तर आवाजही घ्या. आणि तो चेपलेला तळ कुणाला तासून सारखा करू देऊ नका, हात जोडते.

भरती_२६

नडगी आता दुखत नाही. आज गवतावर १६०० मारले, ५:५२. मामा, रविवारी गच्चीवर मी पण आलो तर चालंल काय? जोडी बघायचीय.

माजी_हवालदार_गडहिंग्लज

ये. चपला खाली काढून ये.

पन्हाळा_पायवाट

मग शेवटी पेटी कुठं चालली? आणि फोटो अजून आलेले नाहीत, हे नम्रपणे नोंदवतो.

रंकाळ्याचा_वारा

फोटो टाकतो आज रात्री, माप दिसायला शेजारी फूटपट्टी ठेवून. बनियन, शिट्टी, पदक आणि फोटो बेळगावला नेऊन दाखवायचं ठरलंय, हवालदार साहेब बरोबर येणार आहेत. जोडीचं आजीला विचारलं. म्हणाली, "मी हाय तवर दोन्ही हितंच. एक जाऊन एक ऱ्हायली तर फिरवायची कशी?"

सध्या ती आजीच्या कॉटखाली आहे. पाटीवर काय लिहायचं ते मीनाताईंनी सुचवावं. भाऊ म्हणतोय, 'व्यायाम व धुणे विभाग'.